तबकडी ग्राहकाची, किल्ली परक्याची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दुकानातून रीतसर पैसे मोजून घेतलेले पुस्तक कोणत्या दिव्याखाली वाचावे, हे प्रकाशक ठरवीत नाही. ग्रामोफोनची तबकडी कोणत्या कंपनीच्या यंत्रावर वाजवावी, असा हुकूम तबकडी काढणाऱ्याने कधी काढला नव्हता. वस्तू विकली, मोल पदरात पडले, की त्या एका वस्तूपुरता विकणाऱ्याचा अधिकार संपतो आणि घेणाऱ्याचा सुरू होतो, ही बाजारातली फार जुनी समजूत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात चित्रपटाच्या डीव्हीडी तबकडीने ही समजूत मोडीत काढली. तबकडी ग्राहकाच्या हाती आली, पण तिच्यातील चित्रपट कूटबद्ध करून ठेवलेला होता आणि तो उलगडण्याची किल्ली ग्राहकाला विकलेलीच नव्हती. ती विशिष्ट परवाना घेतलेल्या यंत्रांच्या पोटात लपविली होती. तेव्हा स्वतःच्या लॅपटॉपवर लायनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविणाऱ्या माणसाने स्वतःच विकत घेतलेली तबकडी त्यात घातली, तर पडद्यावर काहीच उमटत नसे. ती पाहण्याची युक्ती त्याने शोधली, तर तो गुन्हेगार ठरतो की काय, हा प्रश्न नॉर्वे व अमेरिका या दोन देशांच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडला गेला.

वरवर पाहता हा संगणकाचा नाद असलेल्या मूठभर तरुणांचा प्रश्न वाटेल. ज्या देशात पाण्याचा व रेशनचा प्रश्न सुटलेला नाही, तेथील कार्यकर्त्याने असल्या चैनीच्या प्रश्नात डोके का घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि या प्रश्नाच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकी म्हणजे काय याचा विचार श्रमिकांच्या चळवळीने नाही करावयाचा तर कोणी करावयाचा? तबकडीवर ज्या कुलपाचा प्रयोग झाला, तेच कुलूप पुढे पुस्तकाला, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला आणि घराघरांतल्या पडद्याला लागले. म्हणून त्या पहिल्या कुलपाची हकिकत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कुलपाची रचना

डीव्हीडी जपानच्या बाजारात १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये आणि अमेरिकेत १९९७ च्या मार्चमध्ये आली. त्याआधीच्या व्हिडिओ कॅसेटची नक्कल केली, की दर नकलेगणिक चित्र फिके पडत जाई. अंकरूपात साठविलेल्या चित्राचे तसे नसते. हजारावी प्रतही पहिल्याइतकीच स्वच्छ निघते. चित्रपट कंपन्यांनी याची धास्ती घेतली आणि यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांशी संगनमत करून ‘कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम’, संक्षेपाने सीएसएस, नावाची कूटपद्धती तबकडीवर लादली.

तिची रचना तिपदरी आहे. चित्रपट एका किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. ती किल्ली तबकडीच्या स्वतंत्र किल्लीने बंद केलेली असते. आणि तबकडीची ही किल्ली सुमारे ४०० वेगवेगळ्या ‘प्लेअर किल्ल्यां’नी बंद करून, तितक्या प्रतींमध्ये, तबकडीच्याच एका राखीव भागात ठेवलेली असते. परवाना घेणाऱ्या प्रत्येक यंत्रनिर्मात्याला या प्लेअर किल्ल्यांपैकी एखादी मिळते. त्याचे यंत्र आपल्या किल्लीने आपल्या वाट्याची प्रत उघडते, तिच्यातून तबकडीची किल्ली काढते, तिने चित्रपटाची किल्ली काढते आणि मग चित्र दिसू लागते. एखाद्याने गैरवर्तन केले, तर पुढील तबकड्यांवर त्याच्या किल्लीची प्रत ठेवायची नाही, म्हणजे त्याची यंत्रे आपोआप आंधळी होतील, अशी ही योजना होती.

हा परवाना देण्याचा अधिकार अमेरिकेतील ‘डीव्हीडी कॉपी कंट्रोल असोसिएशन’ या संस्थेकडे गेला. परवान्यासाठी शुल्क भरावयाचे, गुप्ततेचा करार करावयाचा आणि यंत्राने काय करावे व काय करू नये याविषयी संस्थेच्या अटी पाळावयाच्या. त्या अटींपैकी एक फार बोलकी आहे. चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा प्रदेश पाडले: अमेरिका व कॅनडा पहिल्या प्रदेशात, जपान व युरोपचा मोठा भाग दुसऱ्यात, भारत हा रशिया व आफ्रिकेतील बहुतेक देशांबरोबर पाचव्यात. एका प्रदेशाची तबकडी दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्राने लावावयाची नाही, असे बंधन यंत्रनिर्मात्यांवर आले. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने तेथील दुकानातून पहिल्या प्रदेशाची तबकडी पैसे देऊन घेतली आणि पुण्याला आईवडिलांना पाठविली, तर पाचव्या प्रदेशासाठी बांधलेले यंत्र ती नाकारणार. संगणकातील ड्राइव्हचा प्रदेश तर मालकाला केवळ पाच वेळा बदलता येतो. त्यानंतर तो कायमचा गोठतो. यात चोरी कोणी केली? पैसे पुरते दिलेले, तबकडी अस्सल. कुलपाने राखली ती कंपन्यांची बाजारपेठ. कोणत्या देशात चित्रपट केव्हा आणि कोणत्या भावाने विकावयाचा, हे ठरविण्याचा एकाधिकार त्यामुळे शाबूत राहिला.

चोरांचे काय? कारखान्यात तबकड्या छापणाऱ्या चोरट्या व्यापाऱ्याला कुलूप फोडण्याची गरजच पडत नाही. तो मूळ तबकडी किल्लीच्या राखीव भागासकट जशीच्या तशी छापतो आणि ती कोणत्याही परवानाधारक यंत्रावर बिनदिक्कत चालते. घरगुती वापराच्या कोऱ्या तबकडीवर मात्र तो राखीव भाग लिहिताच येऊ नये अशी व्यवस्था करून ठेवलेली आहे. म्हणजे घाऊक चोराला दार मोकळे आणि घरच्या माणसाला अडसर, असा हा न्याय झाला. कुलूपबंद तबकड्यांच्या भर काळातही मुंबई-पुण्याच्या पदपथांवर चोरट्या तबकड्यांचे ढीग विकले जात होते, हे सर्वांनी पाहिलेले आहे.

मुक्त प्रणालीची अडचण

मुक्त प्रणालीची कल्पना सहकाराच्या कल्पनेशी नाते सांगणारी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची प्रणाली ज्या आज्ञावलीने बनते, ती आज्ञावली सर्वांना वाचता यावी, सुधारता यावी आणि दुसऱ्याला देता यावी, हे तिचे सूत्र. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लायनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या आणि हजारो अनामिकांच्या श्रमांतून उभी राहिलेली प्रणाली आज जगातील असंख्य यंत्रे चालविते. केरळ सरकारने आपल्या शाळांसाठी हीच प्रणाली स्वीकारली.

आता सीएसएसचा परवाना आणि ही पद्धती यांचा मेळ कसा बसावा? परवान्याची अट अशी की किल्ली व कूटपद्धती गुप्त राखली पाहिजे. मुक्त प्रणालीची अट अशी की आज्ञावली उघडी असली पाहिजे. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे तर्कतःच अशक्य. पुढे काही कंपन्यांनी लायनक्ससाठी परवानाधारक प्लेअर विकले, पण त्यांची आज्ञावली बंदच राहिली. म्हणजे मुक्त घरात एक खोली कुलूपबंद ठेवण्याची अट ग्राहकाने मान्य केली, तरच त्याला चित्रपट पाहता येई. १९९९ मध्ये तर सर्वसामान्य लायनक्स वापरणाऱ्यापुढे हाही पर्याय नव्हता. विंडोज विकत घेणे किंवा स्वतःच्या तबकडीकडे बघत बसणे, एवढेच त्याच्या हाती होते.

परंतु हे कुलूप मुळातच कच्चे होते. त्याची किल्ली केवळ ४० बिटांची. कूटलेखनाचे सामर्थ्यशाली साधन परदेशी जाऊ न देण्याचे अमेरिकेचे त्या काळचे निर्यात-निर्बंध या तोकड्या लांबीमागे होते. ४० बिटांतून सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या संभवतात. परंतु पद्धतीतील दोषांमुळे त्या सर्व तपासण्याची गरजच नव्हती. फ्रँक स्टीव्हनसन यांनी १९९९ च्या अखेरीस दाखवून दिले, की सुमारे साडेतीन कोटी शक्यता तपासल्या तरी तबकडीची किल्ली सापडते, आणि त्या काळच्या साध्या घरगुती संगणकालाही हे काम सेकंदांचे होते. कूटशास्त्राचा एक मूलभूत नियम आहे, की पद्धती जगजाहीर असूनही जी टिकते तीच सुरक्षित. सीएसएसची सारी मदार लपवाछपवीवर होती, आणि लपविलेली किल्ली लक्षावधी ग्राहकांच्या घरांत पोचविली जात होती.

नॉर्वेतील निकाल

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘डीसीएसएस’ नावाची एक छोटी आज्ञावली प्रसिद्ध झाली. ती प्रसिद्ध करणारा योन लेक योहानसेन हा नॉर्वेतील पंधरा वर्षांचा मुलगा होता; त्याच्याबरोबरच्या दोघांनी नावे उघड केली नाहीत. झिंग नावाच्या एका परवानाधारक प्लेअरने आपली किल्ली धडपणे झाकलेली नव्हती. त्यातून वाट सापडली आणि कूटपद्धती उलगडली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. डीसीएसएसची पहिली आवृत्ती विंडोजवर चालणारी होती. कंपन्यांच्या वकिलांनी पुढे याच मुद्द्यावर भर दिला: लायनक्सचे निमित्त खोटे आहे, हेतू नक्कल करण्याचा आहे. त्यावर बचावाचे म्हणणे असे, की तबकडीवरील माहितीची मांडणी वाचण्याची पुरती सोय लायनक्समध्ये त्या वेळी झालेली नव्हती, त्यामुळे पहिली पायरी विंडोजवर टाकावी लागली. आज्ञावली प्रसिद्ध झाली ती लायनक्ससाठी प्लेअर बनविणाऱ्या मंडळींमध्ये, हेही तितकेच खरे.

२४ जानेवारी २००० रोजी नॉर्वेच्या आर्थिक गुन्हे पोलिसांनी योहानसेनच्या घराची झडती घेतली आणि त्याची यंत्रे जप्त केली. २००२ मध्ये त्याच्यावर आरोपपत्र ठेवण्यात आले. वापरलेले कलम होते नॉर्वेच्या दंडसंहितेचे १४५ वे. हे मूलतः दुसऱ्याचे पत्र फोडणाऱ्यासाठीचे कलम. त्याला संगणकातील माहितीची पुरवणी जोडलेली होती. संरक्षण मोडून, ज्या माहितीवर आपला हक्क नाही ती मिळविणे, हा त्याखालील गुन्हा. साहजिकच सारा खटला एका प्रश्नावर येऊन ठेपला: विकत घेतलेल्या तबकडीतील चित्रपटावर विकत घेणाऱ्याचा हक्क आहे की नाही?

ओस्लोच्या न्यायालयाने ७ जानेवारी २००३ रोजी योहानसेनला निर्दोष सोडले. कायदेशीररीत्या तयार झालेली तबकडी जो विकत घेतो, त्याला तिच्यातील चित्रपट पाहण्याचा हक्क आहे. तो चित्रपट निर्मात्याने योजलेल्या रीतीनेच पाहिला पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही, असा न्यायालयाच्या निर्णयाचा आशय होता. तबकडी चोरटी असती तर गोष्ट वेगळी, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. सरकारी पक्षाने अपील केले. २२ डिसेंबर २००३ रोजी अपील न्यायालयानेही निर्दोषत्व कायम केले आणि २००४ च्या जानेवारीत सरकारने पुढील अपिलाचा नाद सोडला. नॉर्वेने २००५ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात कुलूप मोडण्यास बंदी घालणारे कलम घातले, परंतु कायदेशीररीत्या मिळविलेली कृती योग्य त्या उपकरणावर खाजगीरीत्या पाहण्या-ऐकण्याला या कलमाची आडकाठी असू नये, अशी सवलतही त्यात ठेवली. दोन न्यायालयांनी सांगितलेला मुद्दा कायदेमंडळाला पुसून टाकता आला नाही, असा याचा अर्थ आहे.

अमेरिकेची वाट

अमेरिकेत मात्र याच आज्ञावलीचे नशीब उलटे निघाले. १९९६ मध्ये जिनेव्हा येथे झालेल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या कॉपीराइट करारात तांत्रिक संरक्षणाला कायद्याचा आधार द्यावा, असे ठरले होते. त्याचा आधार घेऊन अमेरिकेने २८ ऑक्टोबर १९९८ रोजी ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट’ केला. करारात होते त्याहून हा कायदा कितीतरी पुढे गेला. कुलूप उघडणे तर त्याने निषिद्ध केलेच. कुलूप उघडण्याचे साधन बनविणे, देणे, पुरविणे हेही निषिद्ध ठरविले, मग ते साधन घेणारा चोर असो वा साव.

२००० च्या जानेवारीत ८ चित्रपट कंपन्यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. पुढे त्यातील प्रमुख प्रतिवादी उरले ‘२६००’ या नियतकालिकाचे संपादक एरिक कॉर्ली. त्यांनी आज्ञावली आपल्या संकेतस्थळावर छापली होती. न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी १७ ऑगस्ट २००० रोजी कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. आज्ञावली छापण्यास बंदी आली, इतकेच नव्हे तर ती जेथे मिळते त्या ठिकाणाकडे जाणूनबुजून दुवा देण्यासही बंदी आली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अपील न्यायालयाने हा निकाल उचलून धरला. आज्ञावली हीदेखील एक प्रकारची अभिव्यक्ती आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण ती यंत्राकडून कामही करून घेते, म्हणून तिच्यावर बंधन घालता येते, असे म्हटले. चित्रपटातील उतारा अभ्यासासाठी हवा असेल, तर तो सर्वांत सोयीच्या मार्गानेच मिळावा असा हक्क कोणाला नाही. पडद्यासमोर कॅमेरा धरूनही तो घेता येईल, अशा आशयाचा युक्तिवाद या निकालात आहे. वाचनालयाला कुलूप लावावयाचे आणि खिडकीतून दिसेल तेवढे वाचा म्हणावयाचे, असाच हा प्रकार नव्हे काय?

अमेरिकन कायद्यात दर तीन वर्षांनी अपवाद मागण्याची सोय आहे. चित्रपटाच्या अध्यापकांना २००६ मध्ये आणि समीक्षेसाठी व माहितीपटांसाठी उतारे घेणाऱ्यांना २०१० मध्ये काही सवलती मिळाल्या. मुक्त प्रणालीवर केवळ चित्रपट पाहता यावा, यासाठी मागितलेला अपवाद मात्र एकापेक्षा अधिक वेळा फेटाळला गेला. स्वस्त प्लेअर बाजारात मिळतो, ही केवळ गैरसोय आहे, अशी त्यामागची भूमिका. शिवाय अपवाद मिळाला तरी तो कुलूप उघडण्यापुरता. साधन पुरविण्यावरील बंदी तशीच राहते. हातोडा वापरण्याची मुभा आहे, पण हातोडा बनविणारा आणि विकणारा गुन्हेगार आहे, अशी ही मुभा.

या बंदीला तरुणांनी दिलेले उत्तर मोठे मजेदार होते. कोणी आज्ञावली सदऱ्यांवर छापली, कोणी तिचे काव्य केले, कोणी तिला चाल लावून गायली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील डेव्हिड टुरेट्झकी यांनी अशा सर्व रूपांचे एक दालनच उघडले. फिल कार्मोडी यांनी २००१ मध्ये १,४०१ अंकांची एक मूळ संख्या शोधली. ती संख्या विशिष्ट रीतीने वाचली की तीच आज्ञावली हाती येते. आता मूळ संख्येवर बंदी कशी घालणार? याहून गंमत कॅलिफोर्नियातील दाव्यात झाली. आपले व्यापारी गुपित फुटले म्हणून तेथे परवाना देणारी संस्था फिर्यादी होती. आणि तिच्याच वकिलांनी ती गुप्त आज्ञावली न्यायालयाच्या खुल्या कागदपत्रांत दाखल केली. तो दावा पुढे सोडून देण्यात आला.

‘२६००’ने या चळवळीला सविनय कायदेभंगाचे नाव दिले होते. भारतीय कानाला हा शब्द ओळखीचा आहे, म्हणूनच त्याचे मोजमापही काटेकोर हवे. गांधीजींच्या कायदेभंगात कायदा उघडपणे मोडावयाचा, नाव लपवावयाचे नाही आणि शिक्षा आनंदाने भोगावयाची, हे पथ्य होते. टोपणनावाने आज्ञावली पसरविणाऱ्या प्रत्येकाने ते पाळले असे म्हणता येणार नाही. परंतु स्वतःच्या नावाने न्यायालयात उभा राहिलेला नॉर्वेचा मुलगा आणि निकाल विरुद्ध जाईपर्यंत लढलेला न्यूयॉर्कचा संपादक यांची जात त्या सत्याग्रह्यांच्या जवळची आहे.

भारतीय कायद्याची भूमिका

आता आपल्या देशाकडे वळू. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून ६५-अ हे कलम घातले. त्याची भाषा लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. परिणामकारक तांत्रिक संरक्षण जो मोडतो, तो गुन्हेगार, पण कधी? तर कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने तो मोडतो तेव्हा. त्याला २ वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी काही करण्यास या कलमाची आडकाठी नाही, असे पोटकलमही आहे. स्वतःची तबकडी स्वतःच्या लॅपटॉपवर पाहणाऱ्याचा उद्देश हक्कभंगाचा नसतो. त्यामुळे भारतीय कायद्याच्या शब्दांनुसार त्याच्याकडे बोट दाखविता येत नाही. साधन बाळगण्यावर वा देण्यावर सरसकट बंदी घालण्याची अमेरिकन चूक भारतीय संसदेने केली नाही, ही समाधानाची बाब होय.

तथापि त्या पोटकलमाला एक शेपूट आहे. दुसऱ्याला कुलूप उघडण्यास जो साहाय्य करील, त्याने त्या दुसऱ्याचे नाव, पत्ता, ओळख पटविणारा तपशील आणि हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवावी, अशी अट त्यात आहे. मुक्त प्रणालीच्या जगात एकाने लिहिलेले साधन लाखो लोक न विचारता उतरवून घेतात. त्यांची नोंदवही कोणी ठेवावयाची? वाचनालयातील कार्यकर्त्याने विद्यार्थ्याला तबकडी लावून दिली, तर त्यानेही नोंद ठेवावयाची काय? या अटीविषयी कायदेपंडितांनी व लोकप्रतिनिधींनी बोलले पाहिजे.

कलावंतांच्या पोटाचा प्रश्न

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. चित्रपट हा शेकडो माणसांच्या श्रमांतून उभा राहतो. फुकट नकला झाल्या, तर त्या श्रमिकांच्या पोटावर पाय येणार नाही काय? येईल, आणि म्हणून चोरट्या व्यापाराचे समर्थन करता येत नाही. परंतु कुलपाने या श्रमिकांचे किती रक्षण केले, हे तपासावे. कुलपाची किल्ली कलावंताच्या हाती कधीच नव्हती. ती कंपनीच्या हाती होती. हिंदी चित्रपटसृष्टीतील गीतकार व संगीतकार यांच्याकडून सारे हक्क एकरकमी लिहून घेण्याची प्रथा दशकानुदशके चालली. तिला आळा घातला तो त्याच २०१२ च्या दुरुस्तीतील दुसऱ्या तरतुदींनी. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार-संगीतकारांना सोडून देता येणार नाही, असे त्या तरतुदी सांगतात. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला होता. कलावंताला आधार मिळाला तो न्याय्य वाट्याच्या हक्कातून. कुलूप आणि कलावंताचे हित या दोन गोष्टी एकच मानण्याची गल्लत कंपन्यांच्या सोयीची आहे.

आणखी एक तफावत ध्यानात घ्यावी. कॉपीराइटला मुदत असते, कुलपाला नसते. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा १९५३ चा चित्रपट. त्यावरील हा हक्क २०१३ च्या अखेरीस संपला आणि तो समाजाच्या मालकीचा झाला. अशा एखाद्या चित्रपटाची कूटबद्ध तबकडी कोणी काढलेली असेल, तर कायद्याने मुक्त झालेला चित्रपट कुलपाच्या आत बंदिवानच राहतो. संसदेने ठरविलेली मुदत कंपनीचे यंत्र जाणत नाही. शंभर वर्षांनंतर एखाद्या संग्रहालयात ही तबकडी सापडली आणि परवानाधारक यंत्र एकही उरलेले नसले, तर तिच्यातील चित्र दाखविणार कोण? ज्यांनी कूटपद्धती उलगडून लिहून ठेवली, त्यांचेच साधन तेव्हा उपयोगी पडेल.

आजची स्थिती

ते साधन आज सहज उपलब्ध आहे. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या व्हिडिओलॅन प्रकल्पाने ‘व्हीएलसी’ हा प्लेअर २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली जगाला दिला. त्याला जोड म्हणून ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही छोटी आज्ञावली आहे. तबकडीवरील माहितीवरूनच गणित करून किल्ली शोधण्याची सोय तिच्यात आहे आणि तबकडीचा प्रदेश कोणता, याची तिला पर्वा नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा लायनक्सच्या प्रसिद्ध वितरणांत ती मुळात घातलेली नसते. अमेरिकन कायद्याची छाया इतकी लांबवर पडते. डेबियन व उबुंटूमध्ये तिच्याऐवजी ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ नावाचा एक साहाय्यक मिळतो. तो मूळ आज्ञावली आणवून वापरणाऱ्याच्याच यंत्रावर तयार करतो. दोन-तीन आज्ञा दिल्या, की तबकडी फिरू लागते. ज्यासाठी एका मुलाला तीन-चार वर्षे आरोपीच्या पिंजऱ्याची छाया सोसावी लागली, ते काम आज पाच मिनिटांचे आहे.

परंतु यावरून लढाई संपली असे मानणे भाबडेपणाचे होईल. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीचा ड्राइव्हच नसतो. तो वेगळा जोडावा लागतो. नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठविण्याचा आपला मूळ व्यवसाय २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद केला. तबकडीच्या जागी प्रवाही चित्रपट आला आणि कुलूप अधिक पक्के झाले. २०१७ मध्ये वेबची मानके ठरविणाऱ्या संस्थेने असल्या कुलपांना ब्राउझरमध्ये अधिकृत जागा दिली. निषेध म्हणून ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ ही नागरी हक्कांची संघटना तिच्यातून बाहेर पडली. तबकडी निदान ग्राहकाच्या कपाटात होती. प्रवाही चित्रपटाच्या बाबतीत ग्राहकापाशी काहीच उरत नाही. कंपनीने यादीतून काढला की तो गेला. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली, कारण विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते. पैसे परत केले. ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची होती आणि त्यांतले एक ‘१९८४’ होते, या योगायोगावर वेगळे भाष्य नको.

ट्रॅक्टरचे उदाहरण शेतकऱ्यांत काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. अमेरिकेत शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरमधील संगणकाचे कुलूप दुरुस्तीसाठी उघडण्याची मुभा २०१५ मध्ये, त्याच कॉपीराइट कायद्याखाली, अपवाद म्हणून मागून घ्यावी लागली. चित्रपटासाठी बनविलेला कायदा नांगरापर्यंत पोचला तो असा. भारतीय शेतात संगणकयुक्त यंत्रे येत आहेत. हा प्रश्न बांधावर येण्यास फार काळ लागणार नाही.

मग करावयाचे काय? तीन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, सार्वजनिक पैशातून तयार झालेले वा विकत घेतलेले चित्रपट, पाठ्यसामग्री आणि पुस्तके शाळांना व वाचनालयांना कोणत्याही प्रणालीवर उघडतील अशाच रूपात मिळावीत, ही अट पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक खरेदीत घालावयास लावणे. दुसरी, ६५-अ कलमातील उद्देशाची अट कायम राखणे. परदेशी व्यापारकराराच्या दडपणाखाली तिच्या जागी अमेरिकन धर्तीची सरसकट बंदी आणण्याचा प्रयत्न झाला, तर तो संसदेत व संसदेबाहेर हाणून पाडणे. तिसरी, कॉपीराइटची मुदत संपली की कुलूपही संपले पाहिजे, असा स्पष्ट शब्द कायद्यात आणणे. या मागण्यांत कोणाचे काही हिरावून घेण्याचा प्रश्न नाही. ज्याने मोल दिले त्याला वस्तू मिळावी आणि ज्याने श्रम केले त्याला मोल मिळावे, एवढेच त्यांत अभिप्रेत आहे. ओस्लोच्या न्यायालयाने एका मुलाच्या खटल्यात यातली पहिली गोष्ट मान्य केली. तिच्यामागे संघटित लोकमत उभे करणे हे काम न्यायालयांचे नव्हे. ते कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.